चाकू, खटका आणि कलम ३७

अमेरिकेहून आलेल्या एका मित्राने यावेळी सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि मला एक खिशातला चाकू दिला. पातं बरोबर तीन इंचांचं. पात्याच्या बुडाशी एक छोटासा खिळा आहे, त्याला अंगठ्याने जरा ढकललं की पुढचं काम आतली स्प्रिंग करते. खट्ट! मित्र घाईघाईने म्हणाला, "हा स्विचब्लेड नाही बरं का, असिस्टेड ओपनिंग आहे. एकदम लीगल." मी विचारलं, कुठे लीगल? तुझ्याकडे की माझ्याकडे? त्यावर त्याने खांदे उडवले, आणि मला दोन वीकेंड पुरेल एवढं काम मिळालं.

आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे हे वाचून कोणी चाकू खिशात घालून फिरायला निघू नका. पण कायद्यातल्या व्याख्या वाचायला मला मजा येते, कारण त्या बऱ्याचदा इफ-एल्ससारख्या लिहिलेल्या असतात आणि त्यात बगही तसेच असतात.

तर आधी तिकडचं बघू. खटक्याचा चाकू तसा जुना, पण अमेरिकेत त्याचा बागुलबुवा झाला तो १९५० च्या दशकात. १९५० मध्ये एका महिला मासिकात 'जीव घेणारं खेळणं' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. पाठोपाठ रस्त्यावरच्या पोरांच्या टोळ्यांवरचे सिनेमे आले. 'रेबेल विदाउट अ कॉज' १९५५ चा, '१२ अँग्री मेन' १९५७ चा. दोन्हींत चाकू जवळजवळ एक पात्रच आहे. (आपल्या 'एक रुका हुआ फैसला'मधला चाकू त्या दुसऱ्यातूनच आलेला.) न्यूयॉर्क राज्याने १९५४ मध्ये बंदी घातली, आणि ऑगस्ट १९५८ मध्ये तिथल्या संसदेने देशपातळीवरचा स्विचब्लेड कायदा केला. त्याने या चाकूंचा राज्याराज्यांतला व्यापार आणि आयात बंद झाली. जवळ बाळगायचं की नाही ते त्या त्या राज्याने ठरवायचं.

त्या कायद्यातली व्याख्या इंजिनिअरला आवडेल अशी आहे. मुठीतल्या बटणावर हाताने दाब दिला की जो आपोआप उघडतो, किंवा नुसत्या झटक्याने, वजनाने उघडतो, तो स्विचब्लेड. आता यात पळवाट कुठे आहे? 'मुठीतल्या' या शब्दात! बटण मुठीवर नसून पात्यावरच असलं तर? १९९० च्या दशकात चाकू बनवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. ब्लॅकी कॉलिन्स आणि केन ओनियन ही त्यातली मोठी नावं. स्विचब्लेडमधली स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि खटका त्याला अडवून धरतो. असिस्टेडमध्ये उलटं. बंद असताना पातं बंदच राहायला बघतं. अंगठ्याने थोडे अंश उघडलं की एक उंबरठा ओलांडला जातो आणि मग तीच स्प्रिंग पक्ष बदलते. घरातला लाइटचा स्विच अर्ध्यावर ठेवून बघा, राहतच नाही, एका बाजूला पडतोच. तसंच काहीसं.

२००९ च्या मे महिन्यात अमेरिकन कस्टम्सने प्रस्ताव आणला की हे चाकूही स्विचब्लेडच मानावेत. एवढा आरडाओरडा झाला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने मूळ कायद्यातच अपवाद घातला: ज्याचा कल बंद राहण्याकडे आहे आणि जो उघडायला पात्यावर हाताने जोर लावावा लागतो, तो चाकू यात नाही. माझ्या मित्राचं 'एकदम लीगल' आलं ते इथून.

ब्रिटनने खटक्याच्या चाकूंचं उत्पादन आणि विक्री १९५९ मध्ये बंद केली, आणि २०१९ च्या कायद्यात नेमकी उलटी दुरुस्ती केली. बटण चाकूत असो वा चाकूला जोडलेलं असो, पातं पूर्ण बंदपासून उघडो वा अर्धवट उघड्यापासून, सगळे आत. 'अर्धवट उघड्यापासून' हे शब्द असिस्टेड चाकूंना पकडायला घातलेत हे उघड आहे. म्हणजे तोच चाकू, तीच स्प्रिंग, आणि लंडनमध्ये तो घरात ठेवणंही गुन्हा.

आता आपल्याकडे या. आपला शस्त्र कायदाही १९५९ चाच (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून). अमेरिका १९५८, ब्रिटन १९५९, भारत १९५९. मला वाटलं होतं, काळ एकच आहे तर आपल्या कायद्यातही स्प्रिंग, बटण वगैरे काहीतरी सापडेल. नाही! चाकू कसा उघडतो याच्याशी मूळ कायद्याला काही देणंघेणंच नाही. नियमांच्या पहिल्या परिशिष्टात पाचवा वर्ग आहे: तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले, आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू. त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली. १९६२ च्या नियमांत हे होतं, २०१६ चे नवे नियम आले तरी चौकट तीच राहिली. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. या पाचव्या वर्गाला परवाना लागतोच असंही नाही. कलम ४ म्हणतं की केंद्र सरकारला एखाद्या भागातली परिस्थिती बघून गरज वाटली तर त्या भागापुरती अधिसूचना काढायची, मग तिथे परवाना लागेल. अधिसूचना नाही तर गुन्हा नाही.

भाग बघून हत्यार ठरवायचं ही कल्पना आली कुठून? १८५७ मधून. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी १८६० च्या कायद्याने एकेक प्रदेश 'निःशस्त्र' करायची सोय करून घेतली. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा आर्म्स ॲक्ट आला, त्यात तलवार, खंजीर, भाला, अगदी भाल्याचं टोक आणि धनुष्यबाणही 'शस्त्र' होतं. बंदुकीला सगळीकडे परवाना, आणि सरकारने ठरवलेल्या भागांत कसलंही शस्त्र घरात ठेवायलासुद्धा परवाना. गोऱ्या माणसांना यातून सूट! त्यावरच लोक जास्त चिडले. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला होता, स्थापनेला जेमतेम दोन वर्षं झालेली असताना. ही गोरी सूट पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून गेली. इतर सवलती वेगवेगळ्या वेळी मिळत गेल्या: कूर्गच्या कोडवांना, शिखांच्या कृपाणाला, गुरख्यांच्या खुकरीला. कृपाणाला तर थेट घटनेच्या २५ व्या कलमात जागा मिळाली. थोडक्यात, हत्यार कसं आहे यापेक्षा ते कोणाच्या कमरेला आहे हा प्रश्न पहिल्यापासून मोठा.

स्वतंत्र भारताला हे बदलायचं होतं, असं कागदावर तरी दिसतं. १९५९ च्या विधेयकासोबत जे उद्देश मांडले गेले, त्यात पहिलाच असा की चाकू, भाले, धनुष्यबाण वगैरे 'शस्त्र' या व्याख्येतून काढून टाकावेत. कायदा झाला तेव्हा 'धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारं' व्याख्येत होतीच. फक्त लाठी आणि साधी हातातली काठी यांची नावं घेऊन सांगितलं की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या अशा वस्तू शस्त्र नाहीत. अर्धी सुटका म्हणू.

हे सगळं जमिनीवर कसं दिसतं ते बघायला मी पुणं-मुंबई सोडून मुद्दाम मानोरा घेतो. वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, माझं आजोळ तिकडचं, आणि शहरात बसून 'चाकू' म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते तिथे येत नाही. हा वऱ्हाडाचा भाग. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला, पण नावाला निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे सरळ लागू होत नसत, गव्हर्नर जनरलच्या हुकमाने 'लावले' जात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम वेगळा जिल्हा निघाला. एवढ्या वेळा पाटी बदलली, पण शेतकऱ्याच्या हातातला विळा आणि कुऱ्हाड तीच.

माझा तो चाकू मामांनी उघडून-मिटून बघितला आणि म्हणाले, "याले बटन कायले पाह्यजे? इळ्याले असते का बटन?" मामांच्या विळ्याचं पातं माझ्या चाकूच्या तिप्पट तरी आहे. केंद्राच्या कायद्याप्रमाणे दोन्ही निर्दोष. विळा शेतीचा म्हणून, आणि माझा चाकू नऊ इंचांच्या आत म्हणून.

मग स्प्रिंगचा आणि आपल्या कायद्याचा संबंध कुठे येतो? दिल्लीत. आणि तो येतो रामपुरीमुळे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू म्हणजे आपला 'रामपुरी', मराठीत तो शब्द आता गावाचा राहिलाच नाही, चाकूचाच झाला. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारने तो हातात घेतल्यावर तर काय बोलायचं! बटणाचा तो बटणदार, आणि उघडताना कटकट वाजणारा तो गरारीदार. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये याच कलम ४ खाली अधिसूचना काढली: स्प्रिंगचे, गरारीदार, बटणदार आणि इतर कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे किंवा मिटणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच. कोडमध्ये इथे 'पेक्षा जास्त' नाही, 'किंवा जास्त' आहे, म्हणजे माझा चाकू लांबीच्या बाबतीत काठावरून आत पडला. 'कुठलीही यांत्रिक युक्ती' म्हटल्यावर असिस्टेडवाल्यांची मुठीतलं बटण आणि पात्यावरचा खिळा ही कसरतही फुकट. आपल्याकडचा खरा स्विचब्लेड कायदा म्हणायचा तर हा, आणि तो एका शहरापुरता आहे.

त्यातही एक गोष्ट राहून गेलेली. अधिसूचनेत जे नियंत्रण आहे ते उत्पादन, विक्री, आणि विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगणं यावर. दिल्लीत अशा चाकूंवरून वर्षानुवर्षं गुन्हे दाखल होत राहिले, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका बटणदार चाकूचं प्रकरण रद्द केलं, कारण चाकू विकायला ठेवला होता असं आरोपपत्रात म्हटलेलंच नव्हतं. पंचेचाळीस वर्षं जुन्या फंक्शनमधली एक कंडिशन नीट वाचायला लागलेला हा वेळ. रामपूरचं म्हणाल तर नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी आली आणि कारागिरांचा धंदा बसला. २०२३ मध्ये त्याच गावात चौकात वीस फुटांचा रामपुरी उभा केला, स्मारक म्हणून. साडेचार इंचांचा नियम त्याला लागू नसावा :-)

महाराष्ट्रात मात्र खरी गोष्ट शस्त्र कायद्यात नाहीच. पेपरातली बातमी आठवा: 'कोयता बाळगणाऱ्या तरुणाला अटक, आर्म्स ॲक्ट कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१) सह १३५ अन्वये गुन्हा.' आपण ते आकडे वाचत नाही, पण सगळा जीव त्या ३७ मध्ये आहे. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, नंतर नाव महाराष्ट्र पोलीस कायदा. कलम ३७ सांगतं की पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी शांततेसाठी आदेश काढून ठरावीक जागी, ठरावीक काळात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या, आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी 'इतर कोणतीही वस्तू' बाळगायला मनाई करू शकतात. पुढे दगड गोळा करणंही आहे, आणि प्रेतं किंवा पुतळे मिरवणंही. आदेश मोडला तर कलम १३५: एक वर्षापर्यंत कैद, आणि चार महिन्यांपेक्षा कमी द्यायची तर न्यायाधीशांनी कारण लिहायचं.

केंद्राच्या कायद्याने नाव घेऊन सोडून दिलेली लाठी राज्याच्या कायद्याने नाव घेऊन परत पकडली, हे लक्षात आलं का? नऊ इंच नाही, दोन इंच नाही, स्प्रिंग नाही, खटका नाही. मोजायची फक्त तारीख. मानोऱ्यातला तोच विळा, तोच माणूस, तोच रस्ता. काल आदेश नव्हता, आज आहे. जमावबंदीचं जुनं कलम १४४ (२०२४ पासून १६३) सगळ्यांना माहीत असतं, हे ३७ फारसं कोणाला माहीत नसतं, आणि सण, यात्रा, निवडणुका यांच्या आगेमागे ते पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघतच असतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर कागद लागतो, स्थानिक पेपरात चार ओळी येतात. रानातून विळा घेऊन घरी येणाऱ्याने त्या वाचल्या असतील असं धरून चालायचं.

अर्थात, शेतावरून परतणाऱ्या मामांना कोणी अडवत नाही, पोलिसांनाही डोळे असतात. अडचण तीच आहे! कागदावर सगळ्यांना मनाई आणि प्रत्यक्षात अडवायचं कोणाला ते समोरच्या हवालदाराने बघून ठरवायचं. याच कायद्याचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या हेतूने घातक हत्यार घेऊन आढळणाऱ्याबद्दल आहे. हेतू चेहऱ्यावर लिहिलेला नसतो, मग लोक तो कपड्यांवरून, बोलीवरून, आडनावावरून वाचतात.

मानोरा तालुक्यात हे बोलताना पोहरादेवीचं नाव घ्यावं लागतं. बंजारा समाजाची काशी म्हणतात तिला. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि रामनवमीला लाखोंची यात्रा भरते. एके काळी याच लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांमागून देशभर फिरत. वाटेत चोर आणि जनावरं, म्हणून तांड्यात हत्यारं असायचीच. रेल्वे आली, मिठावर सरकारी ताबा आला आणि धंदा गेला. राहिली ती हत्यार घेऊन फिरणारा माणूस ही ओळख. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं जाळं १९११ मध्ये देशभर पसरलं, आणि ठिकठिकाणचे बंजारा-लमाण गटही त्यात ओढले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून 'विमुक्त' हा शब्द, आणि महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आजही विमुक्त जातींत आहेत. कायदा गेला म्हणून बघणाऱ्याची नजर त्याच तारखेला बदलली असेल का?

अमेरिकेत तरी सगळं स्प्रिंगवर ठरत असेल असं मला वाटत होतं. तसंही नाही. न्यूयॉर्कमध्ये मनगटाच्या झटक्याने उघडणाऱ्या चाकूवर बंदी होती, आणि पोलीस जप्त केलेला चाकू स्वतः झटकून बघायचे. उघडला की गुन्हा! चारदा झटकून पाचव्यांदा उघडला तरी गुन्हा. दुकानात उघडपणे मिळणारे साधे कामाचे चाकू खिशात सापडले म्हणून बांधकामावरचे मजूर आत गेले, आणि त्यात काळे आणि लॅटिनो कितीतरी जास्त. २०१९ मध्ये तो कायदा रद्द झाला. व्याख्या यंत्राची असली तरी झटकून बघायला कोणाला थांबवायचं हे माणूसच ठरवत होता.

आपल्याकडे सध्या भीती आहे ती ना बटणाची ना स्प्रिंगची. २०१८ च्या मे महिन्यात औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दंगलीनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले. खेळणी, शोभेच्या वस्तू, किचनचं सामान अशा नावांखाली काय काय घरपोच येतं ते तेव्हा कळलं. आणि पुण्यात कोयता. ऊसतोडीचा, नारळ सोलायचा कोयता, शेतीची वस्तू म्हणून पाचव्या वर्गातून बाहेर. पोरांच्या टोळ्यांनी नेमका तोच उचलला. स्वस्त, कुठेही मिळणारा, आणि सापडला तर 'शेतावर चाललोय' म्हणायला मोकळे. जानेवारी २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं की कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, नोंद ठेवा. बोहरी आळीत जाऊन कोयता मागितला की नाव-पत्ता द्यायचा. ऊसतोडीला निघालेल्या मजुरानेही द्यायचा.

मित्राने परवा फोनवर विचारलं, शेवटी चाकू लीगल आहे की नाही? मी त्याला विचारलं, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या तारखेला, आणि कोणाच्या खिशात? तो म्हणाला, हे काय उत्तर झालं? मी त्याला कलम ३७ ची लिंक पाठवली आहे, अजून वाचलेली दिसत नाही.